डेस्कटॉप प्रोग्राम आणि त्याच्या डीएलएल फायली ग्राहकापर्यंत पोहोचवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले, दुकानांचा साठा, छापखान्यांच्या ऑर्डरी अशा कामांसाठी विंडोजवर चालणारे छोटे प्रोग्राम लिहिणारे बरेच जण मुंबईत आहेत आणि आम्ही त्यांपैकीच एक आहोत. प्रोग्राम लिहून झाल्यावर तो दुसऱ्याच्या संगणकावर चालवताना जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. फायलींची व साधनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत दिसतील.

प्रोग्राम आमच्या संगणकावर उत्तम चालतो. ग्राहकाकडे मात्र ‘डीएलएल सापडली नाही’ असा संदेश येतो. असे का होते?

कारण आपण ज्याला प्रोग्राम म्हणतो ती एक्झी फाइल प्रोग्रामचा केवळ एक भाग असते. कम्पाइलरची रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारी) लायब्ररी, खिडक्या आणि बटणे काढणारी लायब्ररी, डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी हे सगळे वेगवेगळ्या डीएलएल फायलींत, म्हणजे प्रोग्रामला जोडून घ्यायच्या तयार कोडच्या फायलींत असते आणि प्रोग्राम सुरू होताना विंडोज त्या शोधून जोडते. आपल्या संगणकावर या फायली कोणीतरी आधीच आणून ठेवलेल्या असतात : व्हिज्युअल स्टुडिओ बसवताना काही आलेल्या असतात, क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी) किंवा मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा मोफत कम्पाइलर) बसवताना काही आलेल्या असतात, आणि त्यांचे फोल्डर ‘पाथ’ या चलात, म्हणजे विंडोज जेथे फायली शोधते त्या फोल्डरांच्या यादीत नोंदले गेलेले असते. त्या न मागता मिळत राहतात, म्हणून त्या लागतात हेच आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या बाबतीत पहिल्यांदा हे मुलुंडच्या एका सोसायटीच्या कार्यालयात घडले. महिनाअखेरची बिले काढायची होती, सचिव समोर बसलेले होते, आणि पडद्यावर ‘लिबएसटीडीसी++-६.डीएलएल’ नसल्याचा संदेश आला. ही फाइल मिनजीडब्ल्यूच्या बिन फोल्डरात असते. ते फोल्डर आमच्या संगणकाच्या पाथमध्ये होते, त्यांच्या संगणकावर त्याचा पत्ताच नव्हता. सीएसटीची गाडी पकडून आमच्या कार्यालयात यायचे, एक फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि पुन्हा मुलुंडला जायचे, यात अर्धा दिवस गेला; आणि दुसऱ्या खेपेला ‘लिबविनपीथ्रेड-१.डीएलएल’ही नसल्याचे कळले. संदेशाच्या खिडकीत एका वेळी एकच नाव वाचायला मिळाले की खेपा अशा वाढत जातात, त्यामुळे संदेश वाचून एकेक फाइल नेण्याची पद्धत सोडून द्यावी.

मग नेमक्या कोणत्या फायली लागतात, हे आधीच कसे शोधावे?

दोन प्रकारची अवलंबित्वे असतात आणि ती वेगवेगळ्या मार्गांनी सापडतात. पहिला प्रकार एक्झीच्या आयात-यादीत नोंदलेला असतो. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारे ‘डम्पबिन’ हे साधन ‘डिपेंडंट्स’ या पर्यायासह चालवले की ती यादी मिळते. मात्र ती एकाच पातळीची असते. यादीतल्या प्रत्येक डीएलएललाही स्वतःची यादी असते, म्हणून पूर्ण वृक्ष पाहायचा असतो. पूर्वी त्यासाठी सर्व जण ‘डिपेंडन्सी वॉकर’ वापरत. त्याची शेवटची आवृत्ती २००६ची आहे आणि नव्या विंडोजमधील ‘एपीआय-एमएस-विन’ने सुरू होणारी आभासी नावे त्याला उमगत नाहीत. त्यामुळे ते शेकडो फायली हरवल्याचे दाखवते आणि नवखा माणूस घाबरून जातो. त्याऐवजी ‘डिपेंडन्सीज’ हा मुक्तस्रोत प्रोग्राम वापरावा. त्याला ही नावे कळतात.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. काही डीएलएल प्रोग्राम सुरू झाल्यानंतर, गरज पडेल तेव्हा ‘लोडलायब्ररी’ या कार्याने मागवल्या जातात. प्लगइन, डेटाबेस ड्रायव्हर आणि चित्रांचे निरनिराळे प्रकार वाचणारे भाग बहुधा असेच येतात. त्यांची नावे कोणत्याही आयात-यादीत सापडत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘प्रोसेस मॉनिटर’ सुरू ठेवून प्रोग्रामचा प्रत्येक कोपरा वापरून पाहावा : बिल छापावे, एक्सेलमध्ये काढावे, लोगोचे चित्र बदलावे. मग फक्त आपल्या प्रोग्रामच्या नोंदी गाळून घ्याव्यात. कोणती डीएलएल कोणत्या फोल्डरातून उचलली गेली आणि कोणती कोठेच मिळाली नाही, हे तेथे ओळीने दिसते. फाइल आपल्या फोल्डराऐवजी भलत्याच एखाद्या प्रोग्रामच्या फोल्डरातून उचललेली दिसली, तर तेही अवलंबित्वच समजावे. तो दुसरा प्रोग्राम ग्राहकाकडे नसणार.

विंडोज डीएलएल कोणत्या क्रमाने शोधते?

साध्या डेस्कटॉप प्रोग्रामपुरते सांगायचे, तर त्या नावाची डीएलएल त्याच प्रोग्रामने आधीच स्मृतीत घेतलेली असेल किंवा ती विंडोजच्या ‘नोन डीएलएल’ यादीत असेल, तर शोधाचा प्रश्नच येत नाही. नाहीतर सर्वप्रथम एक्झी ज्या फोल्डरात आहे ते फोल्डर पाहिले जाते. त्यानंतर सिस्टिम फोल्डर (सिस्टिम३२), जुने १६-बिट सिस्टिम फोल्डर, विंडोज फोल्डर, चालू फोल्डर आणि सर्वांत शेवटी पाथमधील फोल्डरे.

आपल्या कामाचा निष्कर्ष पहिल्याच पायरीत आहे. एक्झीच्या शेजारी ठेवलेली फाइल सर्वांआधी मिळते, म्हणून लागणाऱ्या खासगी डीएलएल तेथेच ठेवाव्यात. एक सावधगिरी मात्र घ्यावी : ज्या फोल्डरात कोणीही वापरकर्ता लिहू शकतो, त्या फोल्डरात याच नियमामुळे कोणी त्याच नावाची दुष्ट डीएलएल ठेवू शकतो. ‘डाउनलोड्स’मधून थेट चालणारे इन्स्टॉलर या हल्ल्याला वारंवार बळी पडलेले आहेत.

सगळ्या डीएलएल सिस्टिम३२मध्ये टाकल्या तर कटकटच मिटेल ना?

मिटणार नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात पडेल. १९९०च्या दशकात बहुतेक इन्स्टॉलर हेच करत असत. एका प्रोग्रामने आपली जुनी डीएलएल सामायिक फोल्डरातील नव्या डीएलएलवर चढवली की दुसरा प्रोग्राम बंद पडे, आणि दोष कोणाचा हे कोणालाच कळत नसे. या अवस्थेला त्या काळी ‘डीएलएल हेल’ असे नाव पडले. विंडोज २०००मध्ये सिस्टिमच्या फायलींना संरक्षण आले आणि २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली, ती याच अनुभवातून.

व्हिज्युअल बेसिक ६मध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्राम अजूनही अनेक पेढ्यांत चालतात, त्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. त्या भाषेची मूळ रनटाइम फाइल विंडोज १० आणि ११मध्येही असते, परंतु ‘एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स’सारखी नियंत्रणे विंडोजसोबत येत नाहीत, ती आपल्यालाच द्यावी लागतात आणि ‘रेगएसव्हीआर३२’ने नोंदवावी लागतात. ६४-बिट विंडोजवर ही नोंदणी सिसवॉव६४ फोल्डरातील ३२-बिट ‘रेगएसव्हीआर३२’ने करावी.

हरवलेली डीएलएल इंटरनेटवरून सुटी उतरवून घेतली तर चालेल का?

नाही. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरील फाइल कोणत्या आवृत्तीची आहे, ३२-बिट आहे की ६४-बिट, आणि तिच्यात मध्येच कोणी काही घुसवले आहे का, यांपैकी कशाचीही खात्री नसते. फाइल जिने बनवली त्या संस्थेच्या अधिकृत संचातूनच घ्यावी. ग्राहक असा उद्योग स्वतःहून करतात, हे गृहीत धरून त्यांना आधीच बजावून ठेवावे.

व्हिज्युअल सी++ची रनटाइम कशी द्यावी? मायक्रोसॉफ्टचा संच बसवावा, की फायली शेजारी ठेवाव्यात?

दोन्ही मार्गांना मायक्रोसॉफ्टची परवानगी आहे, आणि आम्ही बहुतेक वेळा पहिला निवडतो. ‘रीडिस्ट्रिब्युटेबल’ हा संच सुमारे २५ एमबीचा आहे. आपल्या इन्स्टॉलरने तो मूकपणे, म्हणजे वापरकर्त्याला काही न विचारता बसवता येतो. तो संपूर्ण संगणकासाठी बसतो आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की सर्व प्रोग्रामांना एकदमच मिळते. अडचण एवढीच की त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. मोठ्या कार्यालयांत ते मिळत नाहीत आणि संगणक विभागाचा माणूस ‘उद्या बघतो’ म्हणतो. अशा ठिकाणी ‘व्हीसीरनटाइम१४०’, ‘एमएसव्हीसीपी१४०’ इत्यादी फायली एक्झीच्या शेजारी ठेवाव्यात. मात्र त्या अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मग कायमची आपली असते.

आवृत्त्यांबद्दल गैरसमज फार आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ यांची रनटाइम एकाच घराण्यातील आहे. चौघांसाठी एकच संच चालतो. नियम असा की ग्राहकाकडील रनटाइम आपल्या कम्पाइलरएवढी किंवा त्याहून नवी असली पाहिजे. जुन्या संगणकावर २०१५चा संच असतो, ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये त्याचे नाव दिसते, म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण २०१९पासून ६४-बिट प्रोग्रामांना ‘व्हीसीरनटाइम१४०_१’ ही आणखी एक फाइल लागते आणि ती जुन्या संचात नाही.

याहून वाईट प्रसंग फाइल असूनही येतो. २०२४च्या मे महिन्यात आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ २०२२च्या १७.१० आवृत्तीत म्युटेक्सची (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणाऱ्या कुलुपाची) अंतर्गत रचना बदलली. त्या कम्पाइलरने बांधलेला प्रोग्राम जुन्या ‘एमएसव्हीसीपी१४०’वर चालवला, तर काही हरवल्याचा संदेश न येता पहिल्याच कुलुपापाशी तो कोसळतो. आपणच दोन वर्षांपूर्वी एक्झीच्या शेजारी ठेवलेली जुनी प्रत अशा वेळी घात करते, कारण शोधाच्या क्रमात तीच पहिली सापडते आणि सिस्टिममधील नवी प्रत वापरलीच जात नाही.

दोन लहान गोष्टी राहिल्या. ‘युनिव्हर्सल सीआरटी’ ही सी भाषेची मूलभूत रनटाइम विंडोज १०पासून विंडोजचाच भाग आहे. विंडोज ७ व ८.१वर ती वेगळी बसवावी लागते. आणि नावाच्या शेवटी ‘डी’ असलेल्या डीबग (चुका शोधण्यासाठीच्या) आवृत्तीच्या डीएलएल वाटण्यास परवाना मनाई करतो. त्या मागितल्या जात असतील तर आपण डीबग बिल्ड पाठवला आहे. रिलीज बिल्ड करून पाठवावा.

‘सी०००००७बी’ असा क्रमांक दाखवून प्रोग्राम बंद होतो. त्याचा अर्थ काय?

जवळजवळ नेहमी त्याचा अर्थ ३२-बिट आणि ६४-बिट फायलींची सरमिसळ झाली, असा असतो. ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट डीएलएल जोडता येत नाही आणि उलटही येत नाही. घोळ वाढवणारी गोष्ट फोल्डरांच्या नावांत आहे : ६४-बिट विंडोजवर सिस्टिम३२मध्ये ६४-बिट फायली असतात आणि सिसवॉव६४मध्ये ३२-बिट. नावे उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशीच ठेवलेली आहेत.

क्यूटीचा प्रोग्राम आहे. सर्व डीएलएल ठेवल्या, तरी ‘प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता आला नाही’ असे का येते?

कारण ‘क्यूविंडोज.डीएलएल’ ही फाइल एक्झीच्या शेजारी सुटी ठेवून भागत नाही. ती शेजारच्या ‘प्लॅटफॉर्म्स’ नावाच्या उपफोल्डरातच असावी लागते. तसेच एसक्यूलाइटचा ड्रायव्हर ‘एसक्यूएलड्रायव्हर्स’मध्ये आणि जेपेग वाचणारा भाग ‘इमेजफॉरमॅट्स’मध्ये लागतो. हाताने नक्कल करण्याऐवजी क्यूटीसोबत येणारे ‘विनडिप्लॉयक्यूटी’ रिकाम्या फोल्डरात ठेवलेल्या एक्झीवर चालवावे. ते हे सगळे फोल्डर बनवते. क्यूएमएल (खिडक्यांची मांडणी लिहिण्याची क्यूटीची भाषा) वापरत असल्यास त्याच्या मूळ फायलींचे फोल्डरही सांगावे लागते, नाहीतर खिडकी कोरी येते. क्यूटीबाहेरच्या लायब्ररी मात्र ते आणत नाही. ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीच्या डीएलएल स्वतःच ठेवाव्यात.

पायथनमधील प्रोग्रामसाठी एकच एक्झी बनवावी की फोल्डर?

आमचे स्पष्ट मत फोल्डरच्या बाजूने आहे. पायथन प्रोग्रामची एक्झी बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरची ‘वनफाइल’ पद्धत दिसायला आटोपशीर असते, पण ती एक्झी दर वेळी सुरू होताना सर्व लायब्ररी तात्पुरत्या फोल्डरात उलगडते आणि मग प्रोग्राम चालवते. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला अर्धा मिनिट लागला की ग्राहक पुन्हा डबल-क्लिक करतो, आणि मग दोन प्रती एकदम उघडतात. शिवाय स्वतःला उलगडून चालणारी फाइल अँटिव्हायरसला संशयास्पद वाटते.

फोल्डर पद्धतीतही एक खड्डा आहे. २०२३च्या सहाव्या आवृत्तीपासून पायइन्स्टॉलर एक्झीव्यतिरिक्त सर्व काही ‘_इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरात ठेवतो. बाहेर एकटी एक्झी दिसते, म्हणून कोणीतरी तेवढीच उचलून डेस्कटॉपवर ठेवतो आणि प्रोग्राम बिघडल्याचा फोन येतो. यावर उपाय म्हणजे इन्स्टॉलर करून द्यावा आणि डेस्कटॉपवर त्यानेच शॉर्टकट ठेवावा. नावाने, म्हणजे मजकुरातून मागवलेली मॉड्युले पायइन्स्टॉलरला आपोआप दिसत नाहीत. ती ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून नोंदवावी लागतात. आणि विंडोजची एक्झी विंडोजवरच बांधावी लागते. लिनक्सवर बसून ती बनत नाही.

सगळे स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी एक्झीतच सामावून, एकच फाइल केली, तर हे प्रश्नच राहणार नाहीत, नाही का?

बरेचसे राहणार नाहीत. छोट्या साधनासाठी, विशेषतः मिनजीडब्ल्यूने बांधताना, आम्हीही जीसीसीच्या (मिनजीडब्ल्यूतील कम्पाइलरच्या) रनटाइम लायब्ररी स्टॅटिक लिंक करतो; त्यांच्या परवान्यातील खास सवलतीमुळे त्यात कायद्याची अडचण नाही. क्यूटीसारख्या एलजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या लायब्ररीचे तसे नाही. वापरकर्त्याला ती लायब्ररी बदलून प्रोग्राम पुन्हा जोडता आला पाहिजे, ही परवान्याची अट आहे. लायब्ररी वेगळ्या डीएलएलमध्ये असली की ती अट सहज पाळली जाते. स्टॅटिक लिंक केल्यास आपल्या ऑब्जेक्ट (कम्पाइल केलेल्या, पण अजून न जोडलेल्या) फायली देण्याची वेळ येते. परवान्याचा मजकूर तर दोन्ही बाबतींत सोबत द्यायचाच असतो. ‘आमचे गिऱ्हाईक परवाना कोठे वाचतो’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. त्याने अट रद्द होत नाही.

झिप फाइल पुरेशी आहे, की इन्स्टॉलर बनवावाच?

स्वतःच्या मित्राला द्यायची असेल तर झिप पुरते. ग्राहकाला देताना इन्स्टॉलर द्यावा, कारण झिप उलगडण्याआधीच तिच्यातील एक्झी चालवण्याची सवय सार्वत्रिक आहे, आणि तशी ती चालवली की शेजारच्या डीएलएल तिला दिसत नाहीत. मेलने पाठवण्याचा विचारही करू नये. जीमेल एक्झी आणि डीएलएल झिपमध्ये घातल्या तरी अडवते.

साधनांपैकी इनो सेटअप हे १९९७पासून चालत आलेले, मोफत आणि शिकायला सोपे आहे. आम्ही तेच वापरतो. विनॅम्पवाल्या नलसॉफ्टच्या घरात जन्मलेले एनएसआयएस अधिक लवचीक आहे, पण त्याची स्क्रिप्ट वाचायला रुक्ष आहे. ग्राहक मोठी कंपनी असेल आणि शेकडो संगणकांवर एकाच वेळी बसवणार असेल तर एमएसआय, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर पद्धतीचे पॅकेज मागितले जाते. ते विक्स या साधनाने बनवावे आणि त्यासाठी वेळ हातात ठेवावा. प्रशासकाचे अधिकार न मागता एकाच वापरकर्त्यापुरते बसवण्याची सोय इनो सेटअपमध्ये आहे. रनटाइमचा संच इन्स्टॉलरच्या पोटातच ठेवावा, इंटरनेटवरून उतरवायला लावू नये. सोसायटीच्या कार्यालयात बहुधा सचिवांच्या फोनचे हॉटस्पॉट एवढेच इंटरनेट असते.

प्रोग्राम नवीन बिल जतन करत नाही किंवा जतन केलेले दुसऱ्या वापरकर्त्याला दिसत नाही. हा डीएलएलचा दोष आहे का?

नाही, हा जागेचा दोष आहे. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. विंडोज व्हिस्टापासून काही जुन्या ३२-बिट प्रोग्रामांचे तेथील लेखन गुपचूप प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवले जाते, आणि म्हणून खजिनदाराने भरलेली रक्कम सचिवाच्या लॉगिनमध्ये दिसत नाही. एकाच वापरकर्त्याची माहिती त्याच्या ‘ॲपडेटा’मध्ये आणि सामायिक माहिती ‘प्रोग्रामडेटा’मध्ये ठेवावी, तेथे लिहिण्याचे अधिकार इन्स्टॉलरनेच द्यावेत.

वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असले की प्रोग्राम सुरू होत नाही. कारण काय?

हा प्रश्न परदेशी मार्गदर्शिकांत क्वचित भेटतो, आपल्याकडे मात्र तो खरा आहे. विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव मराठीत दिले, तर त्याच्या फोल्डराचे नावही मराठीत होते आणि तात्पुरत्या फायलींपासून ‘ॲपडेटा’पर्यंत प्रत्येक मार्गात देवनागरी येते. जुन्या ‘एएनएसआय’ पद्धतीने फाइल उघडणाऱ्या लायब्ररीला ती अक्षरे लिहिताच येत नाहीत, कारण त्या पद्धतीच्या कोडपेजांत (अक्षरसंचांत) देवनागरीला जागा नाही. अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि त्या नावाची फाइल अर्थातच सापडत नाही.

आपल्या कोडमध्ये सर्वत्र युनिकोड कार्ये वापरावीत. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला प्रोग्रामच्या गरजा सांगणाऱ्या मजकुरात) यूटीएफ-८ हे कोडपेज मागता येते, त्याने बऱ्याच जुन्या लायब्ररीही सुधारतात. तरीही इतरांच्या लायब्ररीत काय आहे ते चाचणीशिवाय कळत नाही, म्हणून ‘मराठी चाचणी’ अशा नावाचे, मध्ये मोकळी जागा असलेले खाते बनवून प्रोग्राम त्यात एकदा चालवावा.

मराठी फॉन्टही सोबत द्यावा लागतो का?

पडद्यावरील मजकुरासाठी विंडोजमध्ये पूर्वी मंगल असे, विंडोज १०पासून तो ऐच्छिक भाग झाला आहे; विंडोज ८पासून निर्मला यूआय असतो. बिलाची छपाई सर्वत्र सारखी यावी असे वाटत असेल तर फॉन्ट सोबत द्यावा, पण विंडोजचे हे फॉन्ट नक्कल करून वाटता येत नाहीत. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट खुशाल द्यावेत. पीडीएफ बनवणारी लायब्ररी निवडताना मात्र ‘क्ष’, ‘र्क’ आणि ‘कि’ छापून पाहावेत : अक्षरजुळणी न करणाऱ्या लायब्ररीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर पडते, आणि त्याला चांगला फॉन्टही उपाय नाही.

इन्स्टॉलर चालवताना निळी खिडकी ‘अनोळखी प्रकाशक’ म्हणून अडवते. आमच्या सीएकडचे डीएससी टोकन वापरून सही करता येईल का?

येणार नाही. जीएसटी किंवा कंपनी-नोंदणीच्या कामासाठी घेतलेले डिजिटल सहीचे प्रमाणपत्र कागदपत्रांसाठी असते. कोड सायनिंग हा उपयोग त्यात नोंदलेला नसतो. त्यासाठी विंडोजचा विश्वास असलेल्या प्रमाणन संस्थेकडून वेगळे कोड सायनिंग प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ जून २०२३पासून त्याची खासगी किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवणे बंधनकारक आहे, म्हणजे टोकन तरी येते किंवा किल्ली मेघसेवेत राहते.

सही एक्झीवर, आपण स्वतः बनवलेल्या डीएलएलवर आणि इन्स्टॉलरवर अशी तिन्ही ठिकाणी करावी, आणि वेळेचा शिक्का मारायला विसरू नये. तो नसल्यास प्रमाणपत्राची मुदत संपताच जुने इन्स्टॉलरही अवैध दिसू लागतात. सही केल्यावरही स्मार्टस्क्रीन (ती निळी खिडकी दाखवणारी विंडोजची सोय) लगेच गप्प बसेल असे नाही. प्रकाशकाची पत जमायला काही काळ जातो, तोवर ग्राहकाला ‘अधिक माहिती’वर टिचकी मारण्याची सूचना छापूनच द्यावी.

अँटिव्हायरस एखादी डीएलएल काढून टाकतो. काय करावे?

प्रथम आपला बिल्डचा संगणक खरोखर स्वच्छ आहे याची खात्री करावी. त्यानंतर अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीकडे फाइल तपासणीसाठी पाठवावी. यूपीएक्ससारख्या साधनाने फायली आवळणे बंद करावे. जागा थोडी वाचते आणि संशय पुष्कळ वाढतो. ग्राहकाला अँटिव्हायरस बंद करण्यास सांगू नये.

ग्राहकाकडे अजून विंडोज ७ आहे.

मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी जोडून घेतलेले ते संगणक चालू आहेत. तेथे पोहोचायचे असेल तर साधने त्या हिशेबाने निवडावी लागतात : पायथन ३.८ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि क्यूटी ५.१५ चालते पण क्यूटी ६ चालत नाही. आम्ही अशा ग्राहकांसाठी जुना ३२-बिट बिल्ड वेगळा जपून ठेवतो, त्यात नवीन सोयी घालत नाही, आणि हे ग्राहकाला लेखी कळवतो.

अपडेट दिल्यावरही जुनीच डीएलएल राहते. असे कसे?

याची दोन कारणे असतात. चालू प्रोग्रामने धरलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. इनो सेटअप ‘रीस्टार्ट मॅनेजर’च्या साहाय्याने तो प्रोग्राम बंद करू शकतो, ती सोय वापरावी. दुसरे कारण अधिक छुपे आहे : इन्स्टॉलर डीएलएलच्या आत नोंदलेला आवृत्ती-क्रमांक पाहतात आणि तो तेवढाच असेल तर जुनी फाइल तशीच ठेवतात. आपण कोड बदलला पण क्रमांक वाढवला नाही, तर एक्झी नवी आणि डीएलएल जुनी अशी जोडी ग्राहकाकडे तयार होते. क्रमांक हाताने वाढवण्यावर विसंबू नये. तो बिल्डमध्येच आपोआप वाढेल असे करावे.

लिनक्स आणि मॅकसाठी हेच नियम लागू आहेत का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. लिनक्स एक्झीच्या शेजारचे फोल्डर आपोआप पाहत नाही. जोडणी करताना ‘आरपाथ’मध्ये (लायब्ररी शोधण्याच्या मार्गात) ‘ओरिजिन’ लिहावे लागते. जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी मात्र सोबत नेऊ नये. उबुंटू २२.०४वर बांधलेला प्रोग्राम २०.०४वर जीलिबसीची नवी आवृत्ती मागून अडू शकतो, म्हणून बांधणी जुन्यात जुन्या प्रणालीवर करावी आणि ॲपइमेज (सर्व लायब्ररींसह एकच फाइल) द्यावी. मॅकवर लायब्ररी ॲपच्या आतील ‘फ्रेमवर्क्स’ फोल्डरात जातात. २०१९च्या कॅटालिनापासून ॲप ॲपलकडून नोटराइज, म्हणजे तपासून मान्य करून घ्यावे लागते, नाहीतर उतरवून घेतलेले ॲप साध्या डबल-क्लिकने उघडत नाही.

पाठवण्यापूर्वी चाचणी कोठे करावी? आमच्याकडे एकच संगणक आहे.

ज्या संगणकावर प्रोग्राम लिहिला, तेथे केलेली चाचणी या कामापुरती निरुपयोगी आहे. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ आहे. तो दर वेळी कोरी करकरीत विंडोज उघडतो आणि बंद करताच सर्व पुसून टाकतो. होम आवृत्तीत तो नाही, तेथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोरी विंडोज बसवून तिची स्नॅपशॉट घेऊन ठेवावी. इन्स्टॉलर त्यात नेण्यापूर्वी इंटरनेट तोडावे आणि साध्या, प्रशासक नसलेल्या खात्यातून प्रोग्राम चालवावा. केवळ मुख्य खिडकी उघडली म्हणून थांबू नये, बिल प्रत्यक्ष पीडीएफमध्ये काढून पाहावे.

प्रोग्राम काढून टाकताना डीएलएलही पुसाव्यात का?

आपल्या फोल्डरातील सर्व पुसाव्यात. मायक्रोसॉफ्टची रनटाइम मात्र काढू नये. ती आपण बसवली असली तरी आता दुसरे प्रोग्रामही तिच्यावर चालत असतील. आणि ‘प्रोग्रामडेटा’मधील बिलांची फाइल विचारल्याशिवाय पुसू नये. पुष्कळ जण प्रोग्राम नव्याने बसवण्यासाठीच आधी काढतात, आणि त्यांना आपली जुनी थकबाकी परत दिसायला हवी असते.